मंदाकिनीचा महापूर : न परतलेल्यांचे स्मरण आणि परतलेल्यांचे व्रत

॥ ॐ नमः शिवाय ॥

तीर्थयात्रेचा आरंभ घराच्या उंबरठ्यावर होतो आणि तिची सांगताही त्याच उंबरठ्यावर होते. काशी-केदाराची यात्रा करून आलेल्या यात्रेकरूने सोबत आणलेल्या गंगेच्या गडूचे पूजन करावे, मावंदे घालावे, आप्तेष्टांना व गावकऱ्यांना प्रसादाचे भोजन द्यावे, ही महाराष्ट्राची जुनी रीत आहे. मावंदे झाल्यावाचून यात्रा पूर्ण झाली असे आपले पूर्वज मानीत नसत. देवदर्शनाइतकेच सुखरूप परत येणे हेही यात्रेचे अंग आहे, हा या प्रथेमागील अर्थ होय. घरी परतलेला यात्रेकरू तीर्थाचे पुण्य चार घरांत वाटतो. म्हणूनच त्याच्या पायांवर डोके ठेवण्यासाठी लहानथोर सारे जमतात.

सन २०१३ च्या जून महिन्यात श्रीक्षेत्र केदारनाथ येथे मंदाकिनी नदीच्या दरीत जो महापूर आला, त्यात देशभरातील पाच हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली अथवा बेपत्ता झाली. त्यांत महाराष्ट्रातून गेलेले अनेक भाविक होते. त्यांच्या घरी गडू आला नाही, मावंदे झाले नाही. त्या सर्वांचे स्मरण करणे आणि त्या घटनेतून यात्रेकरूने काय शिकावे याचा विचार करणे, एवढाच या निरूपणाचा हेतू आहे.

सिद्धरामांची कथा

सोलापूरचे ग्रामदैवत शिवयोगी श्री सिद्धरामेश्वर यांच्या चरित्रात एका खोल दरीचा प्रसंग येतो. बाराव्या शतकातील ही कथा भाविकांना परिचित आहे. तेव्हाच्या सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, बाल सिद्धराम रानात असताना मल्लय्या नावाचे एक जंगम त्यांच्यासमोर आले. त्यांनी खावयास मागितले. सिद्धरामांनी कोवळा हुरडा दिला. पाहुण्याने पुढे दहीभाताची इच्छा व्यक्त केली. बालक धावत घरी गेले, माता सुग्गलादेवींकडून दहीभात घेऊन आले, तो पाहुणा दिसेना. "मल्लय्या, मल्लय्या" असा आक्रोश करीत ते श्रीशैलास निघालेल्या यात्रेकरूंसोबत चालू लागले. श्रीशैलावर पोहोचल्यावर लोकांनी मल्लिकार्जुनाचे लिंग दाखवून "हाच तुझा मल्लय्या" असे सांगितले. परंतु ज्याने समोर बसून हुरडा खाल्ला, तोच त्यांना हवा होता. अखेर विरहाने व्याकूळ होऊन ते एका भयंकर कड्याच्या टोकाशी आले आणि त्यांनी स्वतःला दरीत झोकून दिले. त्या क्षणी श्री मल्लिकार्जुनांनी प्रकट होऊन त्यांना हातांवर झेलले.

कथा येथे संपत नाही. देवाने त्या बालकाला आपल्यापाशी ठेवून घेतले नाही. "परत जा, सोन्नलगीला श्रीशैलाचे रूप दे, तेथे तलाव बांध, लिंगांची स्थापना कर, जनांची सेवा कर," अशी आज्ञा दिली. सिद्धराम परतले. त्यांनी लोकांच्या श्रमातून विस्तीर्ण तलाव निर्माण केला, पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगांची स्थापना केली आणि कोरड्या मुलखातील गावाला क्षेत्राचे माहात्म्य प्राप्त करून दिले. दरीतून ज्याला वाचवले, त्याच्या हाती देवाने कुदळ दिली, हे या कथेचे मर्म आहे. केदारच्या महापुराचा विचार करताना हेच मर्म ध्यानी ठेवावयाचे आहे.

१६ आणि १७ जून २०१३

श्री केदारनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असून ते समुद्रसपाटीपासून ३,५८३ मीटर उंचीवर वसले आहे. पाठीशी हिमशिखरे, त्यांच्या पायथ्याशी चोराबारी हिमनदी आणि तेथून निघणारी मंदाकिनी. मंदाकिनी आणि सरस्वती या प्रवाहांच्या मधल्या, नद्यांनीच आणून टाकलेल्या दगडगोट्यांच्या भूमीवर मंदिर व वस्ती उभी आहे. वीरशैव परंपरेतील रावळ हे या क्षेत्राचे प्रमुख असतात. त्यामुळे सोलापूर परिसरातील भाविकांचे केदाराशी जुने आत्मीयतेचे नाते आहे.

त्या वर्षी शाळांच्या सुट्ट्यांचा काळ असल्याने यात्रामार्ग गर्दीने फुलला होता. गंगा दशहराही दोन दिवसांवर आला होता. एरवी संपूर्ण देश व्यापण्यास मोसमी पावसाला जुलैचा मध्य उजाडत असे. त्या वर्षी तो १६ जूनलाच सर्वत्र पोहोचला. चोराबारी हिमनदीजवळील वेधशाळेत १५ जूनच्या सायंकाळपासून चोवीस तासांत ३२५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. सोलापुरात साऱ्या वर्षात सुमारे साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या एका दिवसाची कल्पना येईल. आपल्याकडे वर्षभरात पडणाऱ्या पाण्याच्या निम्म्याहून अधिक पाणी तेथे एका दिवसात, तेही अरुंद दरीच्या तोंडाशी आणि वितळत्या बर्फावर कोसळले.

१६ जूनच्या सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास पहिला लोंढा आला. वस्तीचा वरचा भाग आणि मंदिरामागील आद्य शंकराचार्यांचे समाधिस्थळ त्यात वाहून गेले. दरीत काही किलोमीटर खाली असलेले रामबाडा हे विसाव्याचे ठिकाण या पुरात नामशेष झाले. गौरीकुंडाहून पायी निघालेला प्रत्येक यात्रेकरू जेथे क्षणभर टेकत असे, चहा घेत असे, ते गावच उरले नाही.

दुसऱ्या दिवशी, १७ जूनला, सकाळी पावणेसातच्या सुमारास त्याहून मोठे संकट आले. मंदिरापासून सुमारे दोन किलोमीटर वर चोराबारी ताल नावाचे सरोवर होते. १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या अस्थींचा काही भाग तेथे विसर्जित झाल्याने त्याला गांधी सरोवर असेही म्हणत. हिमनदीने लोटून आणलेल्या माती-दगडांचा सैल बांध, हीच त्याची भिंत होती. पाणी वाहून जाण्यास वाट अशी नव्हतीच. पावसाने व बर्फाच्या पाण्याने ते तुडुंब भरले, बांध फुटला आणि काही मिनिटांत सारे सरोवर रिकामे झाले. पाणी, चिखल आणि प्रचंड शिळा यांचा तो लोंढा वस्तीवर आदळला. मंदाकिनीने पूर्वी सोडून दिलेल्या पात्रावर माणसांनी घरे, धर्मशाळा आणि दुकाने बांधली होती. नदी त्या दिवशी आपल्या जुन्या वाटेने परत आली.

लोंढ्याबरोबर वाहत आलेली एक अजस्र शिळा मंदिराच्या मागे येऊन थांबली. तिच्यामुळे प्रवाह दुभंगला आणि मंदिर वाचले. आज भाविक तिला भीमशिला म्हणून वंदन करतात. ११ सप्टेंबर २०१३ रोजी मंदिरात पूजा पुन्हा सुरू झाली.

एक कठीण प्रश्न

भाविकाच्या मनात येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो दडपून ठेवणे योग्य नाही. देवाने आपले मंदिर राखले, मग दारी आलेली लेकरे का राखली नाहीत? त्या दिवसांत कोणी म्हणाले की ते पापाचे फळ होते. कोणी म्हणाले की देवाच्या दारी मरण आले, म्हणजे भाग्यच. ही दोन्ही उत्तरे सहज बोलली जातात. आपले माणूस गमावलेल्या घरात जाऊन ती सांगता येतील काय, याचा विचार करावा. ज्या आईचे मूल गेले, ज्या वृद्धाने हात सुटलेली पत्नी डोळ्यांदेखत प्रवाहात पाहिली, त्यांच्यापुढे पाप-पुण्याचा हिशेब मांडणे हा शिवभक्ताचा धर्म नव्हे. गेलेल्यांमध्ये आयुष्यभर सोमवार करणारे होते, पै-पै साठवून आई-वडिलांना यात्रेस नेणारे होते, यात्रेकरूंना पाठीवर व खेचरावर वाहून नेणारे गरीब पहाडी तरुण होते. त्या दरीतील कित्येक गावांतील कर्ते पुरुष एकाच दिवशी गेले. त्यांपैकी कोणाच्याही माथी दोष ठेवण्याचा अधिकार कोणास नाही.

मंदिर वाचले याचा अर्थ देवाला माणसांहून दगड प्रिय होते असा नाही. त्या मंदिराच्या भिंतींच्या आत ज्यांनी आसरा घेतला, त्यांतील अनेकांचे प्राण वाचले. मंदिराने त्या दिवशी केले ते हेच काम. श्रीशैलाच्या कड्यावर मल्लिकार्जुनाचे हात सिद्धरामांना झेलण्यासाठी पुढे आले. केदारच्या दरीतही हात पुढे आले. ते माणसांचे होते. पुरातून वाचून रानात अडकलेले कित्येक जण थंडीने व उपासमारीने गेले. पण ज्यांना कोणी शोधले, उचलले, स्वतःच्या ताटातील भाकर दिली, ते जगले. सेना, वायुदल, सीमा पोलीस, आपत्ती निवारण दल आणि स्थानिक ग्रामस्थ यांनी पहाडी भागात अडकलेल्या एक लाखाहून अधिक लोकांना सुखरूप खाली आणले. २५ जून २०१३ रोजी या कार्यातील एक हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळून त्यातील वीस जवान कामी आले. अनोळखी यात्रेकरूंसाठी त्यांनी प्राण वेचले. ज्यास देवाचे हात पाहावयाचे असतील, त्याने ते येथे पाहावेत.

गंगा कोणी धारण केली?

भगीरथाच्या तपाने गंगा स्वर्गातून निघाली, तेव्हा तिचा वेग पृथ्वीला पेलवणारा नव्हता. शिवांनी तिला आपल्या जटांत धारण केले आणि मग एक एक धार खाली सोडली. ही कथा आपण भक्तीने ऐकतो. तिच्यातील व्यवहारही समजून घ्यावा. पर्वतावरील अरण्य, गवत, माती या शंकराच्या जटाच होत. पडणारे पाणी त्या अडवितात, मुरवितात, सावकाश सोडतात. त्या जटा कापल्या, नदीचे पात्र भिंती घालून अडविले, दरीच्या कुशीत मजल्यांवर मजले चढविले, तर गंगेचा वेग पेलणार कोण? पाऊस देवाने पाडला, परंतु पाण्याच्या वाटेत वस्ती माणसाने वसविली. नदीचे पात्र हे देवाच्या गाभाऱ्याइतकेच सोवळे मानावे. तेथे मुक्काम करू नये, तेथे बांधकाम करू नये.

हे केवळ हिमालयापुरते आहे असे समजू नये. भीमाशंकराच्या डोंगररांगांत, पुणे जिल्ह्यातील माळीण हे गाव ३० जुलै २०१४ रोजी मुसळधार पावसात डोंगर खचून गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. सह्याद्रीच्या त्याच कुशीतील पाणी भीमेतून पंढरीस येते, सोलापूर जिल्ह्याच्या शिवेवरून पुढे जाऊन कृष्णेस मिळते आणि श्रीशैलाच्या पायथ्याच्या दरीतून वाहते. एरवी कोरडी दिसणारी सीना नदीही सप्टेंबर २०२५ मध्ये महापुराने माढा, मोहोळ, करमाळा या तालुक्यांतील गावांत शिरली. त्याच वर्षी ५ ऑगस्टला गंगोत्रीच्या मार्गावरील धराली गावावर खीरगंगेचा लोंढा आला, तेव्हा महाराष्ट्रातील अनेक यात्रेकरू त्या मार्गावर अडकले होते. पाणी आपली वाट विसरत नाही. विसरतो तो माणूस.

श्री सिद्धरामांनी सोलापुरात तलाव खोदला, तेव्हा त्यांनी पाण्याला राहण्यास जागा दिली. पाण्याला जागा देणे ही शिवपूजा आहे. जेथे पाण्यास मान मिळतो, तेथे ते तीर्थ होते; जेथे त्याची जागा हिरावली जाते, तेथे ते काळरूप धारण करते. तलावाकाठी उभे राहून हात जोडणाऱ्या प्रत्येकाने हे मनात आणावे आणि त्या पाण्यात निर्माल्य, प्लास्टिक वा कचरा टाकू नये.

न परतलेल्यांसाठी

केदारच्या पुरात गेलेल्या असंख्य माणसांचे देह कधीच हाती लागले नाहीत. शासनाने बेपत्ता व्यक्तींना मृत मानून कुटुंबीयांना दाखले दिले. पण कागद हाती आला म्हणून मनाची वाट पाहणे थांबत नाही. दारावर थाप पडली की आजही कोणी दचकून उठत असेल. अशा घरांनी आपले कर्तव्य राहिले अशी खंत बाळगू नये. देह न मिळालेल्यांसाठीही आपल्या शास्त्रात विधी सांगितलेला आहे. अपघाताने मृत्यू आलेल्यांचे श्राद्ध पितृपक्षातील चतुर्दशीस करता येते आणि ज्यांची तिथी ज्ञात नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहे. ज्यांच्या परंपरेत श्राद्ध नाही त्यांनी शिवपूजन व अन्नदान करावे. मावंद्याचे जे भोजन त्या घरी व्हावयाचे राहिले, ते गेलेल्या माणसाच्या नावे भुकेल्यास जेवू घालून पूर्ण करता येते. कोणी दूर गेलेल्याची पंगत अशी परक्याच्या ताटातून पूर्ण झाली, तर ती देवास मान्य आहे.

यात्रेकरूंनी पाळावयाचे नियम

स्मरणाचे फळ आचरणात यावे. केदाराचा पायी मार्ग आता रामबाड्यानंतर नदीच्या दुसऱ्या तीराने जातो आणि यात्रेपूर्वी नोंदणी करावी लागते. ही नोंदणी भाविकांनी कटकट समजू नये; संकटकाळी आपला शोध घेण्यासाठीच ती आहे. हिमालय असो वा सह्याद्री, डोंगरी तीर्थास जाताना पुढील गोष्टी व्रताप्रमाणे पाळाव्यात.

हवामान खात्याचा इशारा हा देवाचा निरोप समजावा आणि तो आल्यास यात्रा पुढे ढकलावी. स्वस्त मिळते किंवा दृश्य सुंदर आहे म्हणून नदीपात्रालगत मुक्काम करू नये. नदीचे पाणी अचानक गढूळ झाले, त्यात फांद्या-पाला येऊ लागला, वरून गडगडाट ऐकू आला किंवा वाहते पाणी एकाएकी कमी झाले, तर वर कोठेतरी प्रवाह अडला अथवा फुटला असे समजून सामान सोडावे आणि प्रवाहाच्या दिशेने न पळता बाजूच्या उंच, पक्क्या जागी चढावे. आपण भिजत नसलो तरी वरच्या डोंगरात पाऊस पडत असतो, हे विसरू नये. आपला मार्ग व मुक्काम घरी लिहून ठेवावा. लहान मुले, वृद्ध व आजारी यांच्या खिशात नाव, गाव व संपर्काची चिठ्ठी असावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अर्ध्या वाटेवरून परतावे लागल्यास खंत करू नये. "इतक्या दूर आलो, आता दर्शन घेतल्याशिवाय फिरायचे नाही," हा हट्ट भक्तीचा नसून अहंकाराचा असतो. ज्या मल्लिकार्जुनांनी आपल्या परमभक्तालाही "परत जा" म्हटले, ते देव वाटेतून नमस्कार करून फिरणाऱ्या यात्रेकरूवर रागावतील काय? गौरीकुंडावरून कळसाच्या दिशेने हात जोडून घरी आलेल्याची यात्रा देवाच्या दप्तरी पूर्णच असते.

दानाचा मार्ग

दानशूर भाविकांनीही या प्रसंगातून बोध घ्यावा. कळस, चांदी, सभामंडप यांसाठी दिलेले दान पुण्यप्रद आहेच. त्याच्या जोडीला जुन्या विहिरी, बारव व तलावांतील गाळ काढणे, ओढ्यांच्या वाटा मोकळ्या करणे, डोंगरउतारावर झाडे लावून ती जगविणे, आपत्तीत सापडलेल्यांना अन्न-वस्त्र पोहोचविणे, आणि कर्ता पुरुष गमावलेल्या घरातील मुलांचे शिक्षण चालविणे, हीही शिवाचीच पूजा होय. सिद्धरामांच्या काळी ज्यांच्यापाशी धन नव्हते त्यांनी तलावाची माती वाहिली. मातीची एक पाटी डोक्यावर घेणारा आणि सोन्याचे नाणे देणारा, दोघेही त्या पुण्याचे समान वाटेकरी आहेत.

दरवर्षी जून महिन्याच्या १६ व १७ तारखांना, घरात असाल तेथे, एक दिवा लावावा. केदारच्या दरीत गेलेल्या भाविकांचे, पहाडी बांधवांचे आणि जवानांचे स्मरण करावे. दिवा लावून झाल्यावर त्यांच्यासाठी हातून एक तरी काम घडावे. जे परतले नाहीत त्यांना श्री मल्लिकार्जुन आपल्या हातांवर झेलोत, आणि जे परतले त्यांच्या हाती सेवेची कुदळ देवोत, हीच श्री सिद्धरामेश्वरांच्या चरणी प्रार्थना.

॥ श्री सिद्धरामेश्वरार्पणमस्तु ॥